सात एकर ते दोन गुंठे : घरखर्चाचा इतिहास

सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरनं येताना मी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड आणला. महाराष्ट्र शासनानं १९७९ साली पहिल्यांदा काढलेला, इंग्रजी. माझं इंग्रजी दहावी नापासाचं. नाइट शिफ्ट करून आलो की आंघोळ करायची, डिक्शनरी मांडीवर घ्यायची आणि झोप यायच्या आत दीड-दोन पानं वाचायची, असा माझा क्लास चालतो. मास्तर पण मीच आणि पोरगं पण मीच.

त्या खंडात १९१८ सालचा एक लेख आहे. हिंदुस्थानातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय, असा विषय. वाचता वाचता मधेच एका गावाचं नाव आलं. मी बोट ठेवून परत वाचलं. पिंपळे सौदागर. म्हटलं, दुसरं कुठलं तरी असेल. नाही, पुण्याजवळचंच. माझी मावशी जिथं टॉवरमधे चार घरची धुणीभांडी करते, ते पिंपळे सौदागर. बाबासाहेबांनी हे गाव आपल्या लेखात घेतलं तेव्हा ते २७ वर्षांचे होते. मीपण २७ चा. झोप उडाली माझी.

बाबासाहेबांनी ते नाव घेतलं होतं हॅरॉल्ड मॅनच्या पुस्तकातनं. हा मॅन पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्रिन्सिपॉल. इंग्रज, पण चिकट माणूस. पुणे शहरातल्या अस्पृश्यांच्या हालावर त्यानं १९१२ साली लेख लिहिला होता. मग तो वळला खेड्याकडं. पिंपळे सौदागर हे गाव त्यानं धरलं आणि घर न् घर, शेत न् शेत मोजून काढलं. १९१७ साली पुस्तक आलं. एका दख्खनी खेड्याची जमीन आणि मजुरी.

मॅननं दोन गोष्टी केल्या. पहिली, जुनी कागदपत्रं काढून त्यानं जमिनीचे तुकडे कसे पडत गेले ते दाखवलं. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर. १८१८ ला, पेशवाई बुडाली त्या साली, साडेसतरा. आणि १९१४-१५ ला सात एकर. दुसरी गोष्ट आपल्या कामाची. त्यानं घराघराचा वर्षाचा हिशेब मांडला. शेतातनं किती आलं, बाहेरच्या कामातनं किती आलं, कर्जाच्या व्याजात किती गेलं, आणि त्या गावच्या माणसांना स्वतःलाच जेवढं पुरेसं वाटतं तेवढ्यात राहायचं म्हटलं तर वर्षाला लागतं किती.

१०३ कुटुंबांचा हिशेब निघाला. त्यातली ८ कुटुंबं फक्त शेतीवर तगत होती. २८ कुटुंबं शेती अधिक बाहेरची मजुरी असं करून कशीबशी तोंडमिळवणी करत होती. उरलेली ६७ कुटुंबं शेती करून, मजुरी करूनसुद्धा खड्ड्यात. म्हणजे शंभरातली पासष्ट. आणि हे गाव पुण्याच्या वेशीवरचं. दूध विकायला शहर जवळ, मजुरीला खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळ, तो तर १८६९ पासूनचा.

मग मॅन शिरूर तालुक्यात गेला. जातेगाव बुद्रुक. कोरडवाहू, शहरापासनं लांब. ते पुस्तक १९२१ साली आलं. तिथं शंभरातली पंच्याऐंशी माणसं खड्ड्यात निघाली. जिल्हा एक, दोन गावांमधलं अंतर बैलगाडीच्या एका दिवसाचं, आणि फरक पासष्ट आणि पंच्याऐंशीचा. माझ्या बघण्यात तरी आपल्या भागातली ही सगळ्यात जुनी तुलना आहे, दोन मुलखांतल्या घरखर्चाची. तिच्यातनं कळतं ते एवढंच की पिंपळे सौदागरचा शेतकरी जातेगावच्या शेतकऱ्याहून शहाणा नव्हता. त्याच्या जवळ बाजार होता आणि कारखाना होता.

आता बाबासाहेब काय म्हणाले ते बघा. इथं नीट थांबा, कारण आपली पोरं हा लेख वाचत नाहीत. भाषणात नाव घेतात, वाचत नाहीत. मीपण घेत होतो.

मुंबई इलाख्याचा शेतकी खात्याचा डायरेक्टर कीटिंग आणि हा मॅन, दोघांचं म्हणणं असं की कुटुंबाचं पोट नीट भरेल एवढी जमीन ती खरी परवडणारी जमीन. सरळ वाटतं ऐकायला. बाबासाहेबांनी तिथंच पकडलं. ते म्हणाले, खाणारी तोंडं किती यावरनं शेत परवडणारं की न परवडणारं हे ठरवणं चूक आहे. शेत हा धंदा आहे. त्यात हात किती लागले, बैल-अवजार किती, भांडवल किती, आणि या सगळ्याचं जमिनीशी प्रमाण बरोबर आहे का, हे बघायचं. दोन एकराचं शेतसुद्धा परवडेल आणि शंभर एकराचंसुद्धा बुडेल. आपल्याकडं दुखणं वेगळंच आहे. जमिनीवर माणसं जास्त झालीत, भांडवल नाही. बसून खाणारे हात जमिनीवरनं उचला, कारखान्यात लावा. देशाचं औद्योगीकरण हा शेतीच्या दुखण्यावरचा सगळ्यात पक्का इलाज. १९१८ साली लिहिलंय हे. कोलंबियातनं शिकून आलेला आपला माणूस, बडोद्याच्या कचेरीत पाण्याला महाग झालेला, आणि तो साहेबाच्या गणितातली चूक काढतोय.

आणि मग तो इलाज खरंच झाला. कुठं? त्याच पिंपळे सौदागरच्या अंगणात. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलीनचा सरकारी कारखाना. १९६२ साली एमआयडीसी आली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को. १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महापालिका. नव्वदीनंतर खेड तालुक्यात, चाकणच्या कांद्याच्या रानात, गाड्यांचे कारखाने. डॉक्टरनं चिठ्ठी दिली त्याच पेशंटला औषध मिळालं, असं इतिहासात फार कमी वेळा होतं. म्हणून मला वाटतं की आपण इथल्या घरखर्चाची वही उघडून बघायला पाहिजे. औषध कुणाच्या अंगी लागलं?

त्याआधी मुंबईला जाऊन यावं लागेल, कारण कारखान्यातल्या माणसाचा घरखर्च पहिल्यांदा नीट मोजला तो गिरणगावात.

१९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं २,४७३ कामगार कुटुंबांचा खर्च लिहून घेतला, आणि एकट्या राहणाऱ्या ६०३ पुरुषांचा वेगळा. फिंडले शिरास नावाच्या अधिकाऱ्यानं त्याचा रिपोर्ट १९२३ साली काढला. कुटुंबाची महिन्याची मिळकत सरासरी ५२ रुपये आणि वर चार आणे. शंभरातले ५७ रुपये खाण्यावर. ७.७ भाड्यावर. शंभरातली ९७ कुटुंबं एका खोलीत. शंभरातली ४७ कर्जात, आणि व्याजाचा चालू दर रुपयाला महिना एक आणा. करा हिशेब. वर्षाला पंच्याहत्तर टक्के. मागच्या पावसाळ्यात मी पोरीच्या दवाखान्यासाठी पैसे उचलले ते शेकडा पाचनं, म्हणजे वर्षाला साठ टक्के. शंभर वर्षांत पंधरा टक्क्यांची प्रगती आहे.

त्या रिपोर्टातलं एक वाक्य गाजलं. मुंबईचा कामगार जेवढं धान्य खातो ते दुष्काळी कायद्यात ठरवलेल्या रेशनएवढं भरतं, पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढं लिहिलंय त्यापेक्षा कमी. सरकारचाच रिपोर्ट, सरकारचाच तुरुंग. त्याच ऑफिसनं पुढं १९२५ ला सोलापूर आणि १९२६ ला अहमदाबाद मोजलं. कुटुंबाची महिन्याची मिळकत मुंबईत बावन्न, अहमदाबादेत चव्वेचाळीस, सोलापुरात चाळीस. मालक लोक लगेच म्हणायला लागले, सोलापुरात स्वस्ताई आहे, तिथं कमी पगार चालतो. स्वस्ताई कशाला म्हणायचं? ज्वारी स्वस्त असते तिला स्वस्ताई म्हणतात, आणि माणूस कमी खातो त्यालापण हे लोक स्वस्ताईच म्हणतात.

सरासरी या शब्दावर माझा राग आहे, तो पण इथंच सांगतो. बावन्न रुपये ही सरासरी. त्या काळात कापड खात्यात, म्हणजे मागावर, पगार चांगला. पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कांडी बदलताना धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि महाराचं उष्टं सवर्ण विणकराला चालायचं नाही. म्हणून आपला माणूस कमी पगाराच्या सूतखात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. पण रिपोर्टाच्या सरासरीत मागवाला आणि सूतखातेवाला एकाच बावन्न रुपयांत मिसळून गेले. सरासरीत जात विरघळते. चाळीत नाही विरघळत.

आता एंगल. मार्क्सचा दोस्त एंगल्स नव्हे, मीपण आधी तोच समजलो आणि एका साथीबरोबर अर्धा तास फुकट वाद घातला. हा अर्न्स्ट एंगल, जर्मनीतल्या सॅक्सनीच्या सरकारी आकडेखात्याचा मुख्य. बेल्जियममधे दुक्पेत्यो नावाच्या माणसानं दोनशेच्या आसपास कामगार कुटुंबांचे खर्च गोळा केले होते. तो माणूस तुरुंगांचा इन्स्पेक्टर होता; गरिबाच्या जेवणाची चौकशी करायला नेहमी तुरुंगाकडूनच माणूस का येतो कुणास ठाऊक. ते आकडे घेऊन एंगलनं १८५७ साली नियम मांडला की घर जेवढं गरीब तेवढा खाण्यावरचा वाटा मोठा. शंभरातले सत्तर पोटात जात असतील तर गरीब, चाळीस जात असतील तर बरं चाललंय. जगभर आजही हीच पट्टी लावतात.

लावू की मलापण. माझी वही ही.

मी चाकणला रोलिंग मिलमधे आहे, भट्टीवर. कायम नाही, ठेकेदाराचा माणूस. मी, बायको आणि तीन वर्षांची पोर. गाव भूम तालुक्यात, तिथं आई-बाप. ओव्हरटाइम सोडून हातात येतात १७,००० रुपये. वर्षाचे २,०४,०००. खोलीचं भाडं ४,५०० प्रमाणं वर्षाला ५४,०००. लाइट आणि गॅस १५,६००. किराणा, भाजी, दूध, कधीतरी मटण, ७८,०००. पेट्रोल आणि मोबाइल १८,०००. पोरीची बालवाडी आणि दवाखाना १४,०००. कपडे, गावाला जाणं-येणं आणि जयंतीची वर्गणी मिळून १२,०००. आणि गावाकडं महिन्याला अडीच हजार, वर्षाचे ३०,०००. बेरीज २,२१,६००. खाली १७,६०० चा खड्डा. ओव्हरटाइम मिळाला तर तो बुजतो, नाही तर भिशी, नाही तर शेकडा पाच. बायको हे सगळं कालनिर्णयच्या चौकटीत लिहिते. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. माझ्यापेक्षा तिचा हिशेब पक्का.

तर एंगल काय म्हणेल? माझा खाण्याचा वाटा शंभरात पस्तीस. १९२१ च्या गिरणीकामगाराचा सत्तावन्न. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत देशातल्या शहरी माणसाचा एकोणचाळीस. म्हणजे मी त्या सरासरी शहरी माणसाहून सुखी! पण शंभरातले पस्तीस खाण्यावर जातात ते पोट भरल्यामुळं नाही. भाड्याचे चोवीस आधी जातात, पहिल्या तारखेला, दारात उभं राहून. आई-बापाचे तेरा-चौदा जातात. मग जे उरतं त्यात पोट बसवतो. गिरणीकामगाराच्या भाड्याचा वाटा ७.७ होता. माझा तिप्पट. एंगलची पट्टी बनली तेव्हा तिच्यात चाकणचं भाडं नव्हतं.

भाडं कुणाला जातं तेही बघू. माझा खोलीमालक वाईट माणूस नाही. पोर आजारी पडली तेव्हा रात्री दोनला त्यानंच गाडी काढली. त्याच्या बापाची कांद्याची जमीन होती, ती कारखान्यासाठी गेली. उरलेल्या दोन गुंठ्यांवर त्यानं दोन मजली चाळ काढली. १४ खोल्या. महिन्याला ६३,०००, वर्षाला साडेसात लाखांच्या वर. आता मॅनचा आकडा आठवा. सात एकर म्हणजे २८० गुंठे. १९१५ साली २८० गुंठ्यांत ज्याचं भागत नव्हतं त्याच्या वंशाला आज दोन गुंठे पुरतात, आणि त्यात ना बैल लागतो ना पाऊस. पिंपळे सौदागरला तर खोल्याच नाहीत, टॉवर आहेत.

बाबासाहेबांचा इलाज बरोबर होता. हात जमिनीवरनं उठले, कारखान्यात गेले. पण ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला जमिनीनं जाता जाता भरभरून दिलं, आणि ज्याच्या नावावर नव्हता त्याला त्या जमिनीचं भाडं भरायला लावलं. आपल्याकडं होती ती वतनाची जमीन. रात्रंदिवस गावकी करायची आणि त्या बदल्यात तुकडा. त्या गुलामीवर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणलं. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाल्यावर. आमच्या वाट्याला आली दीड एकर, खडकाळ, भूम तालुक्यात. तिथं कारखाना येत नाही. तिथनं माणूस येतो कारखान्याकडं.

म्हणून मुलखामुलखाच्या घरखर्चाची तुलना करताना मला सगळे आकडे जरा फसवे वाटतात. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली गरिबीवर पुस्तक काढलं. १९६०-६१ च्या भावानं माणशी महिन्याला खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, एवढं असलं तर पोटापुरते उष्मांक मिळतात असं त्यांचं गणित. त्या हिशेबानं खेड्यातली शंभरातली चाळीस आणि शहरातली पन्नास माणसं रेषेखाली. तेच पोट शहरात आलं की दीडपट महाग. २०२२-२३ च्या पाहणीत महाराष्ट्रात माणशी महिन्याचा खर्च खेड्यात ४,०१० आणि शहरात ६,६५७ निघाला. हे सगळे आकडे धरून चालतात की खेड्यातलं घर वेगळं आणि शहरातलं घर वेगळं. माझं घर कुठलं? चूल चाकणला एक आणि भूमला एक. ज्वारी गावाकडनं येते, पैसे गावाकडं जातात. खर्च मोजणारा माणूस माझ्या दारात आला तर गावाला पाठवलेले ३०,००० माझ्या खाण्यापिण्यात धरायचा नाही. ते आईच्या दारात आईचा खर्च म्हणून लिहिले जातील. तिथं वाटेल, वा, खेडं सुधारलं.

आईला मी फोनवर विचारलं, तुझा वर्षाचा खर्च सांग. ती म्हणाली, “माझा कसला आलाय खर्च? रेशनचं येतंय, तुझा बाप औषधाचं बघतोय.” बापाचं औषध माझ्या अडीच हजारातनं येतं. पण खरी गोष्ट ही की तिनं स्वतःला कधी रकान्यात धरलंच नाही. आणि कायद्यानंपण नाही धरलं. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतनाचं माप ठरलं. कामगाराचं कुटुंब म्हणजे तीन माणसं-माप. पुरुष एक, बाई ०.८, दोन पोरं ०.६ प्रमाणं. माणशी २,७०० उष्मांक. कापड माणशी अठरा वार, चौघांचं वर्षाला बहात्तर. घरभाडं सरकारी कामगार वसाहतीच्या दरानं. सरपण, दिवाबत्ती आणि बाकीचं सगळं मिळून पगाराच्या वीस टक्के. १९९१ साली सुप्रीम कोर्टानं त्यात शिक्षण, दवाखाना, सणवार, लग्न, म्हातारपण यासाठी पंचवीस टक्क्यांची भर घाला असं सांगितलं. ही मोठी लढाई होती, मी तिला नावं ठेवत नाही. पण त्या तीन मापांत बाई बारा-तेरा आणे धरलीय आणि कामगाराचे म्हातारे आई-बाप शून्य. ज्यानं हे लिहिलं त्याच्या घरी म्हातारे आई-बाप नसतील काय?

आपल्यातले काही जण म्हणतील, हे आकड्यांचं बामणी काम आपल्याला कशाला. त्यांना सांगतो. १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. त्याच काळात देशातल्या औद्योगिक शहरांत कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली. १९४२ साली कामगारांची आकडेवारी गोळा करायचा कायदा झाला. १९४४ साली कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करायला कमिटी नेमली. ११ एप्रिल १९४६ ला किमान वेतनाचं बिल बाबासाहेबांनी मांडलं, त्याचा कायदा १९४८ ला झाला. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर वर-खाली होतो त्याच्या पोटात हेच घरखर्च असतात, कुणाच्या तरी बायकोनं सांगितलेले तेल, मीठ, रॉकेलचे आकडे. १९६३ साली मुंबईत कामगार रस्त्यावर आले ते याच निर्देशांकावर, की तुमचा आकडा खोटा आहे, बाजारात भाव वेगळा आहे. सरकारला लकडावाला कमिटी नेमावी लागली, आणि कमिटीला चूक सापडली. आकडा दुरुस्त करून घेतला तो मोर्चानं.

आणि आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो तो आकडा. २०२२-२३ च्या त्याच पाहणीत एक तक्ता जातीचा आहे. देशाचा. अनुसूचित जातीच्या माणसाचा महिन्याचा खर्च खेड्यात ३,४७४, शहरात ५,३०७. ज्यांना तक्त्यात ‘इतर’ म्हणतात त्यांचा खेड्यात ४,३९२, शहरात ७,३३३. शहरात माणशी वर्षाचा फरक २४,३१२ रुपये. चौघांच्या घरात सत्त्याण्णव हजारांच्या वर. शहरात जात राहात नाही म्हणतात ना, हे घ्या. खेड्यातला फरक ११,०१६ आणि शहरातला चोवीस हजार. मी माझ्या वहीतनं गावाकडचे पैसे वजा केले आणि तीन तोंडांत भागले. महिन्याला ५,३२२. सरकारच्या आकड्यापेक्षा पंधरा रुपये जास्त. रात्री दोन वाजता भट्टीसमोर ही भागाकाराची चिठ्ठी खिशातनं काढून मी परत परत बघत होतो. आयुष्यभर वाटत होतं की मी खर्च नीट करत नाही म्हणून उरत नाही. बाप पण असंच म्हणतो.

पण हा तक्ता देशाचा आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा आपल्याकडं नाही. ओटा स्कीम, देहूरोड, भोसरी, आळंदी फाटा, खराबवाडी, म्हाळुंगे इथं आपली किती घरं आहेत, ती भाडं किती भरतात, गावाला किती पाठवतात, व्याज किती देतात, हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. मॅनला १०३ घरं लागली होती. प्रत्येक वस्तीतल्या दोघा-तिघांनी दहा-दहा घरं धरली तर तेवढी आपल्याला दोन महिन्यांत होतील.

मी एक कागद केलाय, पाठपोट. नेहमीच्या रकान्यांत चार वाढवलेत. गावाकडं पाठवलेले पैसे. गावाकडनं आलेलं धान्य, त्याचा इथला भाव धरून. व्याज, आणि कुणाला दिलं ते नाव न घेता फक्त कसलं माणूस ते. आणि चौथा, घरातल्या बाईनं स्वतःसाठी वर्षभरात काय घेतलं. हा चौथा रकाना बाईलाच विचारायचा, नवरा बाहेर गेल्यावर. आमच्या घरी मी विचारला. बराच वेळ आठवून ती म्हणाली, एक चप्पल, आणि ती पण तूच म्हणालास म्हणून.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. दरवर्षी त्या दिवशी आपण तिथं जमतोच. यंदा मी कागदाच्या शंभर प्रती घेऊन येतो. पुस्तकांच्या स्टॉलपाशी उभा असेन. ज्याला हव्यात त्यानं न्याव्यात, आणि पेन स्वतःचं आणावं.